पुढची शीट

केजच्या बाजारपेठेत अंगदचं लेडीज कॉर्नर आहे. बांगड्या, पिना, क्लिपा, मेंदीचे कोन आणि टिकल्या. बाकीचा माल कुणीही विकेल, पण टिकलीतलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या तालुक्यात कुणाला कळत नाही, असं अंगदचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. बाई पायरी चढायच्या आत तिच्या कपाळाकडे बघून हा गडी ओळखायचा, की टिकली आपल्याकडची आहे की दुसऱ्याकडची. नवा माल आला की खोक्याची दोरी तो स्वतः सोडायचा. एकेक पाकीट उजेडात धरायचा आणि त्यातलं सगळ्यात देखणं पाकीट गल्ल्याशेजारच्या खणात टाकायचा. ते विकायचं नसे. ते वनमालाचं.

वनमाला त्याची बायको. धर्मापुरीच्या बाजूला एका शाळेवर शिक्षिका. सकाळी केजहून निघायचं, अंबाजोगाई मागं टाकायची, पुढं पुन्हा तेवढाच रस्ता तुडवायचा आणि संध्याकाळी सगळं उलटं. ह्याला आमच्याकडे अपडाऊन म्हणतात. अपडाऊनवाल्या माणसाचं अर्धं आयुष्य गाडीत जातं, आणि वनमालाचं जात होतं ते अमरसिंह सरांच्या गाडीत. तिथंच तर सगळं दुखणं होतं.

अमरसिंह त्याच शाळेवरचे शिक्षक. उंच, अंगानं भरलेले, केस नीट मागं फिरवलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांच्याकडे एक पांढरी स्विफ्ट होती. तिच्यात ते शाळेवरच्या तीन बायकांना न्यायचे-आणायचे. सगळे मिळून डिझेलचा खर्च वाटून घ्यायचे, म्हणजे उपकाराचा प्रश्न नव्हता. तरी अंगदला तो माणूस डोळ्यासमोर नको असायचा.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजायचा. वनमाला आरशापुढं उभी असायची. घाईघाईनं कपाळावर टिकली दाबायची, पोरीच्या गालाला हात लावायची आणि "येते हं" म्हणून पळायची. टिकली निवडली अंगदनं, आणि दिवसभर ती बघणार कोण, तर अमरसिंह. ह्या विचारानं त्याचा सकाळचा चहा कडू व्हायचा. संध्याकाळी ती घरी आली की सरांचं पुराण सुरू. सरांनी आज अंबाजोगाईला चहा पाजला. सर म्हणतात, पोरांना पाढे चालीवर शिकवा. सरांच्या गाडीत आज जुनी गाणी लागली होती.

"अजून काय काय म्हणतात तुझे सर?" अंगद विचारायचा.

"काय न्हाई. तुमी जेवा," वनमाला म्हणायची, आणि भाकरी वाढायची.

गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन बघायला किती वेळ लागतो? पण ज्याच्या पोटात मत्सर शिरलाय तो माणूस बघायला जात नाही, घरात बसून मनातल्या मनात सगळं बघतो. एका सोमवारी मात्र तो दुधाची पिशवी हातात घेऊन गेलाच. गाडी वळण घेत होती. मागच्या काचांना जाळीचे पडदे लावलेले. समोरच्या काचेतून दिसलं ते एवढंच, की सरांच्या शेजारच्या शीटवर निळा पदर आहे. सोमवारी वनमाला शाळेची निळी साडी नेसायची. अंगद दूध न घेताच परत आला आणि त्या दिवशी दुकानात त्यानं दोन गिऱ्हाइकं हुसकावून लावली.

तेव्हापासून ती पुढची शीट त्याच्या डोक्यात जाऊन बसली. मागं जागा असताना ही पुढं का बसते? चार वर्षं हा प्रश्न त्यानं उराशी बाळगला आणि बायकोला एकदाही विचारला नाही. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर काय करायचं, ह्याची त्याला भीती वाटत होती.

मग एका उन्हाळ्यात देवानंच त्याचं गाऱ्हाणं ऐकलं. अमरसिंह सरांची बदली झाली, तीही थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीकडे, त्यांच्या स्वतःच्या गावात. अंगदनं त्या संध्याकाळी जिलेबी आणली.

"कशाची हो जिलेबी?" वनमालानं विचारलं.

"अशीच. मन झालं."

वनमालानं जिलेबीला हात लावला नाही. पोरीला एक तुकडा दिला आणि म्हणाली, "आता शाळंला जायचं कसं? यष्टी अंबाजोगाईला बदलावी लागती, अन् पुढची गाडी शाळंच्या टायमाला न्हाई. सुट्टी संपायच्या आत आपली गाडी झाली तर ठीक. नसता मी पोरीला घिऊन धर्मापुरीतच खोली बघते. तिचं नाव बी तिथंच घालते."

अंगदनं हातातली जिलेबी परत कागदावर ठेवली. बायको आणि लेक दोघी आठवडाभर तिकडं, आणि आपण इथं टिकल्या विकत बसायचं? हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो इरशादच्या गॅरेजवर जाऊन उभा राहिला.

इरशाद गाड्या दुरुस्त करायचा आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही जमवून द्यायचा. दोन्हीकडून त्याचं चहापाणी सुटायचं, म्हणून तो कुठल्याच गाडीला वाईट म्हणत नसे, की छातीठोक चांगलीही म्हणत नसे. फार झालं तर गप्प बसायचा. आणि गाडी चालवण्याचं म्हणाल तर वनमाला मागच्या दिवाळीच्या सुट्टीत क्लास लावून शिकली होती, लायसनही आलं होतं.

"भाभींचं जाणं-येणं लई हाय," इरशाद म्हणाला. "रोजच्या वापराला रोज चाललेलीच गाडी बघा. स्वस्तातली, एका मालकाच्या हातची, जिचं सामान केजमधी मिळतं अशी. दिसायला कशी का असंना."

त्या पंधरवड्यात अंगदनं गाड्याच गाड्या बघितल्या. एकीचा पत्रा दारापाशी लाटेसारखा उठलेला, म्हणजे कुठंतरी ठोकलेली. एक इतकी चकाचक, की इरशाद तिच्याभोवती फिरून नुसताच बिडी ओढत राहिला. एकीचे टायर एकाच बाजूनं झिजलेले. अंगदला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण रात्री घरी येऊन तो वनमालाला ऑइल आणि क्लचवर व्याख्यान द्यायचा. ती शांतपणे ऐकून घ्यायची. एका रात्री तिनं ताट उचलता उचलता सांगितलं, "शाळा गावातच झाली म्हणून अमरसिंह सर गाडी विकायलेत. आपण तीच घेऊ."

अंगदनं क्लचचं व्याख्यान तिथंच थांबवलं.

"तीच कावून?"

"चार वरसं बसले मी तिच्यात. एकदा म्हणून रस्त्यात थांबली न्हाई. कवा सर्विसिंग झालं, कवा टायर बदलले, सगळं म्हाईत हाय मला. अन् आपल्याला कमीतच देणारेत."

बोलणं सगळं खरं होतं, म्हणूनच ते अंगदला जास्त झोंबलं. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण तोंडावर आणण्याची सोय नव्हती. रविवारी सकाळी तो इरशादला घेऊन अमरसिंह सरांच्या दारात गेला. सरांनी चहा दिला, चावी दिली आणि "निवांत बघा" म्हणून ते आत निघून गेले. एवढा मोकळा माणूस अंगदला आणखीच संशयास्पद वाटला.

इरशादनं बॉनेट उघडलं. गार इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. त्यानं ऑइलचं झाकण काढून बघितलं, खाली वाकून बघितलं, आणि जे तो कधी करत नसे ते केलं. "भाई, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला.

अंगद चक्कर मारायला इरशादच्या शेजारी बसला. पुढच्या शीटवर. हीच ती शीट. तिचं कव्हर थोडं दबलं होतं, आणि तेवढंही त्याला बघवेना. गाडी पूर्वेला वळली, ऊन थेट डोळ्यांवर आलं, म्हणून त्यानं समोरची झडप खाली ओढली. झडपेच्या आतल्या बाजूला छोटा आरसा होता. आरशाच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवलेली होती.

वांगी रंगाची, बारीक सोनेरी काठाची, मधे तांदळाच्या कणीएवढा खडा. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला ती नुसती टिकली दिसली असती. अंगदनं मात्र ती एका श्वासात ओळखली. मागच्या दसऱ्याच्या मालात चुकून आलेलं ते एकच पाकीट होतं. तशी टिकली पुन्हा आली नाही, व्यापाऱ्याकडे मागूनही मिळाली नाही. ते पाकीट त्यानं खणात ठेवलं होतं आणि वनमालाला दिलं होतं. आणि आता त्याला आठवलं, की घरात ती टिकली तिच्या कपाळावर एक-दोनदाच दिसली होती. म्हणजे घरी लावायची नाही, गाडीत बसल्यावर लावायची. त्या अमरसिंहच्या शेजारी बसून, ह्या आरशात बघून!

त्यानं झडप वर ढकलली. ऊन डोळ्यांत घुसलं तरी तो तसाच बसून राहिला.

"कशी वाटली?" इरशादनं विचारलं.

"इंजिनाचा आवाज बरा न्हाई."

इरशादनं त्याच्याकडे बघितलं. "आवाज? ह्या गाडीचा?"

"मला न्हाई पटली गाडी. इषय संपला."

वनमालाला त्यानं हेच सांगितलं. ती म्हणाली, "इरशादभाई काय म्हणले?" तो म्हणाला, "इरशादला काय कळतंय?" पंधरवडाभर ज्याच्या नावानं रोज रात्री तो व्याख्यानं देत होता, त्या इरशादला एका दिवसात काही कळेनासं झालं. वनमालानं जास्त ताणलं नाही. तिचा चेहरा तेवढा उतरला, आणि तो उतरलेला बघून अंगदला वाटलं, बरोबरच आहे, गाडी गेल्याचं दुःख नाही हे, दुसऱ्याच कशाचं आहे.

चार दिवसांत त्यानं लातूरकडून एक लाल गाडी आणली. लांब नाकाची, आतून गुबगुबीत, अमरसिंहच्या गाडीपेक्षा हातभर मोठी. कुण्या डॉक्टरांची होती म्हणे, आणि बरेच दिवस शेडमध्ये उभी होती. इरशाद तिच्याभोवती दोनदा फिरला. "लई दिवस उभी हाय भाई," एवढंच म्हणाला आणि बिडी पेटवली. अंगदनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर पुढच्या झडपेचा आरसा उघडून बघितला. आरसा स्वच्छ होता. त्याला गाडी पसंत पडली.

वनमाला गाडीला हळदीकुंकू लावताना म्हणाली, "रंग चांगला हाय."

तिकडं पांढरी स्विफ्ट तौसीफनं घेतली. तौसीफचं फळांचं दुकान अंगदच्या बरोबर समोर. त्याची बायको लुबना वनमालाच्याच शाळेवर होती, ती त्या तीन बायकांतली दुसरी. तौसीफनं गाडी बघितलीसुद्धा नाही. लुबना म्हणाली चांगली आहे, ह्यानं पैसे मोजले. शाळा सुरू झाली तशी लुबना गाडी चालवायला लागली, आणि वनमालानं स्वतःची गाडी घेतल्यामुळे तिची रिकामी जागा नव्यानं आलेल्या एका बाईंना मिळाली.

लाल गाडी पहिले काही दिवस झोकात चालली. मग तापायला लागली. अंबाजोगाईच्या अलीकडे काटा वर चढायचा, वनमाला कडेला थांबायची, बाटलीनं पाणी घालायची आणि शाळेत उशिरा पोचायची. इरशादनं पाइप बदलला, पंखा बदलला, शेवटी इंजिन उघडलं. दर वेळी गाडी बरी होऊन यायची आणि पुन्हा आजारी पडायची. वनमाला तक्रार करत नव्हती. फक्त सकाळी निघताना पाण्याच्या बाटल्या मोजून ठेवायची, आणि आरशापुढं पूर्वीसारखी रेंगाळायची नाही. कधी कधी टिकली लावायचीच विसरायची. ते बघून अंगद मनात म्हणायचा, आता कुणासाठी लावील?

एका गुरुवारी दुकान बंद ठेवून तो स्वतः तिच्याबरोबर गेला. गाडीत काय खोट आहे ते आपण बघतोच, असं म्हणून निघाला. परतीच्या वाटेवर लोखंडी सावरगावच्या पुढं गाडीनं एक आचका दिला, नाकातून वाफ सोडली आणि कायमची बसली. बाटल्या संपल्या. इरशादला फोन केला, तो तासाभरानं येतो म्हणाला. दोघं कडेच्या बाभळीखाली उभे राहिले. तेवढ्यात मागून दोनदा हॉर्न वाजला. चार वर्षांचा ओळखीचा हॉर्न.

पांढरी स्विफ्ट येऊन थांबली. लुबना चालवत होती. मागं नव्या बाई. आणि पुढच्या शीटवर ऐसपैस बसल्या होत्या मंजुळाबाई, त्या तिघींतल्या तिसऱ्या, शाळेतल्या सगळ्यात वडील मास्तरीण, निवृत्तीला आलेल्या, अंगानं दुहेरी.

"बंद पडली का गं माय पुन्हा?" मंजुळाबाई खिडकीतून म्हणाल्या. "ये, बस. मागं जागा हाय. पोरगी वाट बघत आसंल."

"बाई, तुमीच जरा मागं येता का?" नव्या बाई हसत म्हणाल्या. "मला बी कवातरी पुढं बसू द्या."

"नको गं बाई. मला गाडी लागती. मागं बसले की पाच मिनिटात उलटी. सर व्हते तवापासून पुढची शीट माझीच हाय, इचार लुबनाला." असं म्हणत मंजुळाबाईंनी समोरची झडप खाली ओढली, कपाळावरची टिकली नखानं काढून आरशाच्या कोपऱ्यात चिकटवली आणि पदरानं तोंडावरचा घाम पुसायला लागल्या.

वांगी रंग. सोनेरी काठ. मधे खडा.

अंगद खिडकीपाशीच उभा होता. मंजुळाबाईंनी त्याची नजर बघितली आणि त्या लाजल्यासारख्या हसल्या. "तुमच्याच दुकानातली हाय हो. वनमालानं दिलं पाकीट. मी म्हणले, काय सुरेख टिकली हाय गं, तर पोरीनं आख्खं पाकीटच माझ्या हातात ठिवलं. म्हणली, मालकांनी माझ्यासाठी निवडलंय, पण तुमाला शोभतंय. ह्या वयात काय शोभायचं आमाला! पण कितीदा काढून लावा, चिकटपणा जातच न्हाई बघा."

वनमाला मागचं दार उघडून आत सरकली. डाव्या कोपऱ्यात गेली, पर्स मांडीवर घेतली आणि बघायचीही गरज न पडता तिचं डोकं काचेवर जाऊन टेकलं. त्या कोपऱ्याची तिच्या डोक्याला सवय होती. चार वर्षं ती तिथं अशीच थकून पडत आली होती, हे अंगदला तेव्हा दिसलं. सोमवारी तिन्ही बायकांच्या साड्या निळ्याच असतात, हेही त्याला तेव्हाच आठवलं. त्या साड्यांवरच्या बांगड्या त्यानंच तर तिघींना भरल्या होत्या. गाडी गेली, आणि तो लाल गाडीच्या तापलेल्या नाकाशेजारी एकटा उभा राहिला. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो घरी पोचला तेव्हा पोरगी झोपली होती. वनमाला जेवायची थांबली होती.

"आता तरी खरं सांगा," ती म्हणाली. "ती गाडी कावून नको म्हणलात?"

अंगदनं मान खाली घातली. "आरशाला टिकली व्हती."

वनमालाला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती रागावली नाही, रडलीही नाही. त्याच्याकडे अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत राहिली.

"चार वरसं रोज तुमच्या समोर बसून जेवले," ती म्हणाली. "एकदा इचारायचं व्हतं की हो, पुढं कोण बसतंय."

"चुकलं माझं. ही गाडी विकू. दुसरी बघू, तू म्हणशील ती."

"कुठली घेणार? तिच्यात बी काहीतरी दिसंलच तुमाला."

लुबनानं आपल्या गाडीत बोलावलं, तर वनमाला म्हणाली, आता कुणाच्याच गाडीत बसायचं न्हाई मला. पोळा झाला आणि वनमाला पोरीला घेऊन धर्मापुरीला राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. खोलीवर गॅस आणि दोन पातेली अंगदनंच टेम्पोत घालून पोचवली. शनिवारी दुपारी शाळा सुटली की दोघी एसटीनं केजला येतात, सोमवारी पहाटे जातात. खणात जमलेली टिकल्यांची पाकिटं तो तिच्यापुढं ठेवतो. ती त्यातली दोन उचलते आणि एक मंजुळाबाईंसाठी वेगळं बांधून घेते.

लाल गाडी इरशादच्या गॅरेजमागं उभी आहे. अमरसिंहचं नाव आता अंगदच्या मनातही येत नाही. पण जळायची सवय लागलेलं पोट रिकामं कसं राहील? रोज संध्याकाळी बाजारपेठेत दोनदा हॉर्न वाजतो, पांढरी स्विफ्ट फळांच्या दुकानापुढं थांबते, लुबना उतरून तौसीफच्या हातात चावी देते, आणि तौसीफ तिला स्टुलावर बसवून आधी पाणी देतो. बांगड्यांच्या काचेआडून अंगद ते बघतो, आणि त्याचा जीव आतल्या आत जळतो.

परवा तौसीफ सफरचंदाची पिशवी घेऊन स्वतः पायरी चढून आला.

"घ्या अंगदशेठ. किती दिवसांपासून म्हणायलो, तुमचे उपकार हायेत आमच्यावर. तुमी सोडली म्हणून आमाला घावली ती गाडी. एक दिवस त्रास न्हाई बघा."

अंगदनं पिशवी घेतली. "भाभी आल्या का घरी?"

"आली की," तौसीफ म्हणाला. "रोज ह्याच टायमाला येती."